हवालदारांची दुसरी वही

आमचे हे पोलिसात हवालदार आहेत, पण चोराच्या मागे धावताना ह्यांना कुणी पाहिलेलं नाही. ह्यांचं काम चारित्र्य पडताळणीचं. भरतीत पास झालेल्या उमेदवाराच्या गल्लीत जायचं, शेजाऱ्यांना चार प्रश्न विचारायचे आणि फॉर्मवर एका रकान्यात एकच शब्द लिहायचा: निरंक. म्हणजे ह्याच्यावर गुन्हा नाही. तीस वर्षं तोच शब्द लिहून खात्यात ह्यांचं नावच 'निरंक हवालदार' पडलंय.

एका शब्दाचं काम, माणूस तासाभरात घरी यावा की नाही? पण हे इस्त्रीवाल्याला गाठणार, जिना झाडणाऱ्या बाईला गाठणार. ज्यांच्याशी गोड बोलून उमेदवाराला काही मिळायचं नसतं, अशांना शोधून काढणार आणि विचारणार, "तुमच्याशी कसा बोलतो?" मग घरी येऊन, ताटातलं जेवण निवत ठेवून, ते सगळं एका निळ्या वहीत उतरवायचं.

ही वही खात्याची नाही. कुणी मागितलेली नाही, कुणी बघत नाही. मी मात्र चोरून वाचते. 'धावण्यात पहिला. झाडणाऱ्या बाईला अगं-तुगं करतो. घेऊ नये.' 'उंची जेमतेम. शेजारच्या भांडणात दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. घ्यावा.' आणि बहुतेक वेळा घेऊ नये तो वर्दी घालून फिरत असतो, घ्यावा तो अर्ध्या सेंटीमीटरने घरी बसलेला असतो.

"अहो, साहेबांना दाखवा तरी ही वही," मी शंभरदा म्हटलं असेल.

"त्याला फॉर्मवर रकाना नाही," हे म्हणतात आणि भाताला हात घालतात. पालथ्या घड्यावर पाणी.

मी शिवणकाम करते. छात्या मी ह्यांच्या अख्ख्या खात्यापेक्षा जास्त मोजल्या असतील. छातीच्या मापावरून माणसाचं एकच कळतं, कापड किती लागेल ते. खातं मात्र एकदा साधी छाती मोजतं, एकदा फुगवून मोजतं, आणि पाच सेंटीमीटर फुगली की खूश. इतकी वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. मग माझा भाचा भरतीला उभा राहिला आणि माझं हसू आटलं.

भाऊ गेल्यापासून भाचा आमच्याकडेच असतो. दोन भरत्या हुकल्या होत्या, एक तापात आणि एक चार सेकंदांनी. ही वयातली शेवटची. पहाटे मैदानावर जाऊन मी त्याच्यासाठी घड्याळ धरलं, माझ्याच टेपने त्याची छाती फुगवून मोजली. पठ्ठ्या धावण्यात पास झाला, लेखीतही झाला. राहिला फक्त फॉर्म.

त्यात प्रश्न होता: आपल्यावर कधी गुन्हा नोंदवला गेला आहे काय? एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या कँटीनमध्ये हाणामारी झाली होती. ह्याच्या हातून एक खुर्ची मोडली आणि एका मुलाचा दात पडला. तक्रार झाली, महिनाभरात दोन्ही घरांनी बसून मिटवलं. भाचा पेन हातात धरून नुसता बसून राहिला.

"मिटलेलं म्हणजे नसलेलं," मी म्हटलं. "लिही, नाही."

"काकांना विचारू का?"

"काकांना विचार आणि मग जन्मभर माझ्यापाशी काजं-बटणं करत बस."

त्याने 'नाही' लिहिलं.

घरातलंच प्रकरण म्हणून ह्यांनी ती फाइल दुसऱ्याकडे दिली. एका रविवारी दुपारी एक नवा शिपाई चौकशीला आला. उमेदवार ज्यांच्याकडे राहतो त्यांचा जबाब घ्यावा लागतो. हे कोपऱ्यात बसून बुटांना पॉलिश करत होते.

"जुन्या चौकीत जाऊन आलो, काकू," शिपाई चहा पिता पिता म्हणाला. "तिथली रजिस्टरं वाळवीने खाल्लीत. आपलं विचारायचं म्हणून विचारतो, गुन्हा वगैरे काही नाही ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने रकान्यात 'नि' लिहिलासुद्धा.

"आहे," भाचा म्हणाला.

शिवणाचा टेप हाताशीच होता. तो त्याच्या तोंडात कोंबावा असं मला मनापासून वाटलं.

"एकोणिसाव्या वर्षी झाला, मग मिटला. मी फॉर्मवर 'नाही' लिहिलंय, ते खोटं आहे."

"अरे, पण मी 'नि' लिहिलाय," शिपाई काकुळतीला आला. "काही सापडलेलं नाही म्हणतोय ना मी? कशाला उकरतोस?"

"उद्या मीपण असाच कुणाच्या तरी घरी बसून विचारणार ना? तेव्हा कुठल्या तोंडाने विचारू?"

हे बूट घासतच होते. मग माझ्याच्याने राहवेना.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "त्याला 'नाही' लिहायला मी सांगितलं. तो काकांना विचारणार होता, मी विचारू दिलं नाही. घ्या माझा जबाब."

"हात माझा होता. आत्याला यात आणू नका."

"तू गप्प बस."

"तूच गप्प बस, आत्या."

"हवालदारसाहेब," शिपाई ह्यांच्याकडे वळला, "हे सगळं लिहू कुठे? रकानाच नाही."

"पाठीमागे लिहा," हे म्हणाले आणि सहीसाठी स्वतःचं पेन मला काढून दिलं. ते पेन हे घरात कुणाला हात लावू देत नाहीत.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. खोटी माहिती दिल्यामुळे अपात्र. चारित्र्य: असमाधानकारक. मी आधी भाच्यावर ओरडले. मग ह्यांच्यावर, तीस वर्षांत एक शब्द कुठे टाकला नाही म्हणून. मग म्हटलं, "वाळवीला जेवढी अक्कल होती तेवढी ह्या घरात कुणाला नाही," आणि रडायलाच लागले, कारण 'नाही' मी लिहायला लावलं होतं. ते 'आहे' असतं तर साहेबांनी कदाचित सोडूनही दिलं असतं.

भाचा मशीनपाशी येऊन बसला. "काजं कुठली करायचीत, आत्या?"

दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर गेल्यावर मी निळी वही काढली. भाच्याचं पान होतं. फाइल दुसऱ्याकडे देऊनही हे बाबा आमच्याच इस्त्रीवाल्याकडे गेले होते, आमचाच जिना झाडणाऱ्या बाईला विचारून आले होते. 'पाण्याची बादली वरच्या मजल्यापर्यंत नेऊन देतो, असं बाई म्हणाली.' त्याखाली रविवारची तारीख आणि फक्त 'आहे म्हणाला' एवढंच. शेवटी 'घ्यावा' नव्हतं, 'घेऊ नये'ही नव्हतं. ह्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ह्याच्या हाताखाली मी नोकरी केली असती.'

आता हा कागद मी कुठल्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवू? कुठल्या कचेरीत चालतो हा?

मी वही भाच्यापुढे ठेवली. त्याने वाचलं, मिटली, मला परत दिली आणि पुन्हा गिऱ्हाइकाचा सदरा आणि सुई हातात घेतली. त्या सदऱ्याच्या शेवटच्या काजाचे टाके वेडेवाकडे पडलेत. वाकडा टाका मी आजवर कुणाचा ठेवलेला नाही. हे काज मी उसवणार नाही, गिऱ्हाइकाला काय म्हणायचं ते म्हणू दे.