थोरलीची ओळ

हात बघावा तर थोरलीचा. छाटणीची कात्री घेतली की ती द्राक्षाच्या काडीवर फुटव्याचे डोळे मोजून ठेवी. एक जास्त नाही, एक कमी नाही. तिला विचारल्याशिवाय शेजारीपाजारी वेलीला हात लावत नसत. पण मळ्यात कौतुक व्हायचं ते धाकट्या जावेचं, आणि ते काही थोरलीच्या पचनी पडत नव्हतं.

कारण एकच, धाकटीच्या चार ओळी. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या मळ्यातल्या काड्या तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. जातीचं नाव तिलाही सांगता येईना, म्हणून घरात सगळे 'काळी' म्हणू लागले. या काळीची वाइन तोंडात घेतली की द्राक्षं विकत घेणारा वाइनवाला डोळे मिटून उभा राहायचा. बांधालगत थोरलीची एक ओळ होती, साध्या लाल द्राक्षांची. तिच्याकडे बघून तो एकदा म्हणाला, ही मिसळायला बरी. झालं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोडणी आटोपताच तिने ती ओळ मुळासकट उपटली आणि वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या असं सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या हंगामात काळी भरभरून फुलली, पण फळ धरेना. घडाला इथे दोन मणी, तिथे तीन. धाकटी रडकुंडीला आली. थोरलीला वाईट वाटलं म्हणावं, तर त्या दिवशी तिला दोन घास जास्तच गेले.

वाइनवाल्याने उशिरा आलेला फुलोरा भिंगाखाली धरला आणि उलगडा केला. काळीचं फूल निव्वळ मादी. पराग दुसऱ्या जातीकडून यावा लागतो, आणि इतकी वर्षं तो बांधावरच्या ओळीतून येत होता. दोघी जावांनी रिकाम्या पट्टीकडे पाहिलं. थोरलीच्या डोक्यात एकच घोळत राहिलं: म्हणजे आजवरच्या कौतुकातलं अर्धं माझं होतं, आणि ते मीच उपटून फेकलं.

तिने ओळ नव्याने लावली, पण ती फुलायला तीन वर्षं लागणार. तोवर काय? दुसऱ्या वर्षी काळी फुलली तेव्हा थोरली शेजारच्या मळ्यातून फुललेले घोस मागून आणायची आणि काळीच्या एकेका घडावर झटकायची. आठ दिवस, कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत. जावेच्या प्रेमापोटी नव्हे हं. तिला आपलं नाव निघायला हवं होतं.

आणि नाव निघालं. घड टचटचीत भरले, वाइनवाला आला, तेव्हा धाकटीनेच त्याला थांबवून सांगितलं, "यंदाचं सगळं जाऊबाईंनी केलंय. मी नुसती बघत होते."

थोरली दोन पावलं पुढे झाली. वाइनवाल्याने एक मणी तोंडात टाकला, चावला, आणि तो धाकटीकडे वळला.

"मन मोठं हो तुमचं," तो म्हणाला. "असं श्रेय दुसऱ्याला कोण देतं?"

थोरली हसली. चारचौघांत हसावंच लागतं.