थोरल्या मामांचं फिरतं पाणी

साचलेल्या पाण्याचा माझ्या थोरल्या मामांएवढा राग येणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात नसेल. लष्करात गाड्या दुरुस्त करता करता ते निवृत्त झाले आणि घरी येऊन त्यांनी लोखंडी पट्ट्यांत काचा बसवून माशांची पेटी केली. मासे लेकीचे, म्हणजे कुसुमचे; पाणी मात्र मामांचं. पेटीत हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप होता, तरी मासे वर येऊन तोंडं उघडायचे. "पाणी फिरत न्हाई," मामांनी निदान केलं. ते कुठं अडतंय हे बघायला त्यांनी मामींच्या डब्यातली चिमूटभर हळद पेटीत टाकली. हळद निम्म्या पेटीत फिरली आणि मामींनी जत्रेतून हौसेनं आणलेल्या चिनी मातीच्या महालामागं जाऊन बसली. महाल त्याच दिवशी बाहेर आला. बुडबुड्यांची नळी मधून कोपऱ्यात गेली. आता पाणी त्या कोपऱ्यातून वर चढायचं, पलीकडच्या टोकाला खाली उतरायचं आणि तळावरून परत यायचं. मासे सुखावले. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत, हे मामांच्या लक्षातच आलं नाही.

त्या वर्षांत वीजकपात फार. वीज गेली की पंप बंद आणि मामा बेचैन. मग त्यांनी सायकलच्या पंपाला नळी जोडून ठेवली आणि घरात जो येईल त्याच्या हाती तो पंप द्यायला सुरुवात केली. आमचा पोस्टमन पत्र उंबऱ्यावर टाकून पळायचा.

कुसुमला बघायला सांगलीचे एक हळदीचे व्यापारी मुलाला घेऊन आले, तेव्हा पोह्यांच्या बश्या हातात पडल्या आणि वीज गेली. मामींनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं. मामा उठलेच होते. "पाव्हणं, जरा हे धरता का? मी नळी सरळ करतो." ते वजनदार गृहस्थ धोतर सावरून हवा मारायला बसले. कुसुम चहा घेऊन बाहेर आली ती थेट पेटीशीच गेली आणि त्यांना म्हणाली, "एवढ्या जोरात नको, मासे घाबरतात. सावकाश मारा." व्यापाऱ्यांनी घाम पुसला आणि ते हसायला लागले. "दुकानात मला कुणी असं सांगत न्हाई," ते म्हणाले. "पोरगी पसंत हाय." मुलाला कुणी विचारलं नाही, तो कुसुमकडं बघत होता, तेवढं पुरलं.

लग्नानंतर पेटी ट्रकनं सांगलीला गेली. मासे किटलीत घालून मामा आणि मी एसटीनं निघालो. मामा वाटभर हातानं पाणी ढवळत होते. "काय घुसळताय, बाबा?" कंडक्टरनं विचारलं. "सासरी चाललेत," मामा म्हणाले.

सांगलीत त्यांनी पेटी लावली, पाणी फिरतंय याची खात्री केली, विहीणबाईंना नळीचा कोपरा दाखवला आणि चहासुद्धा न घेता बाहेर पडले. परतीची गाडी कराडपर्यंत आली. स्टँडवर थांबली तसे मामा म्हणाले, "दोन दिवस माशांना कमी खायला घाल, हे कुसुमला सांगायचं राहिलं रं."

"पत्र टाकू की."

"पत्र कवा पोचायचं? तू हो पुढं." रिकामी किटली घेऊन ते उतरले आणि सांगलीच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

साताऱ्याला मामी भाकरीचं पीठ मळत होत्या. त्यांनी माझ्या मागं दाराकडं बघितलं. मी झालेलं सांगितलं.

"तिला ते सगळं ठावं हाय," मामी म्हणाल्या. "तीच तर घालायची खायला." मग त्यांनी पिठाचे हात पुसले. "येऊ देत दोन दिवसांनी," त्या म्हणाल्या, आणि मामांच्या वाटणीचं काढून ठेवलेलं पीठ त्यांनी परत डब्यात टाकलं.