डाव्या भिंतीवरचा पाइप

इंटिरिअरच्या तिसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजने एक टूम काढली. दर शनिवारी वेगवेगळ्या क्षेत्रातली माणसं येणार आणि आम्हाला आपापलं काम शिकवणार. कोणी नाटकाचे सेट लावणारं, कोणी दुकानांची प्रकाशयोजना करणारं, कोणी कुकरच्या मुठी आणि बादल्यांच्या कड्या बनवणारं. शेवटी प्रत्येकाने एक खरा माणूस निवडून त्याच्यासाठी काहीतरी प्रत्यक्ष बांधायचं आणि याच लोकांसमोर ते मांडायचं. मुलं माणूस शोधायला सगळं दादर पालथं घालत होती. मला शोधावं लागलं नाही. माझा माणूस लालबागला, आमच्याच खोलीत, खाटेवर होता.

बाबांना दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्याइतका परत आला, जीभ जड झाली. कॉटन ग्रीनच्या गोदामात तीस वर्षं उभ्याने नोकरी केलेला माणूस खाटेच्या कडेवर बसून भिंतीकडे बघायला लागला. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. दात काढताना गाल बधिर होतो तसं, फक्त सगळीकडे. चिडचिड तेवढी शिल्लक होती, ती मी सगळ्यांना सारखी वाटायचे.

आमच्या चाळीत मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एका टोकाला जिना आणि संडास, दुसऱ्या टोकाला आम्ही. मधे दर बाजूला सहा दारं. आई सकाळी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला जायची, ती रात्री यायची. मी कॉलेजात. दिवसा बाबांना संडासाला न्यायला शेजारचे काका यायचे. कधीही हाक मारा म्हणायचे, आणि ते मनापासून म्हणायचे. पण बाबांनी हाक मारायला लागू नये म्हणून पाणी पिणंच सोडलं. सकाळचा अर्धा कप चहा, मग रात्री आई येईपर्यंत काही नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आईला झापलं. आईने बाबांना झापलं. बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या भरलेलाच राहिला.

म्हणून मी ठरवलं, भिंतीला पाइप लावायचा. आपल्या दारापासून संडासापर्यंत एकट्याने जाता येईल असा.

काम मी मन लावून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. कुकरच्या मुठीवाल्या सरांनी सांगितलं होतं की पुस्तकातली मापं आधी विसरा, माणसाच्या हाताचं माप घ्या. मी कणीक मळली, तिचा पाइपासारखा जाड वळा केला आणि बाबांना डाव्या हातात दाबायला दिला. आई म्हणाली, आता एवढंच बाकी होतं. बाबांनी जीव खाऊन मूठ आवळली आणि बास का, असं डोळ्यांनी विचारलं. कणकेत उमटलेल्या बोटांच्या खड्ड्यांवरून पाइपाची जाडी ठरली. त्यांना भिंतीशी उभं करून कोपराखाली पेन्सिलची खूण केली, ती उंची. प्रकाशयोजनेच्या बाईंनी मला चार वाजता पॅसेजमध्ये नुसतं बसायला लावलं. तेव्हा कळलं की जिन्याच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत येतं आणि भिंत दिसतच नाही. म्हणून पाइप पिवळा रंगवला.

चांगला हात डावा, म्हणून पाइप डाव्या भिंतीवर. नकाशात मी आमच्या दारापासून संडासापर्यंत लाल बाण काढला आणि त्याच्या डाव्या अंगाला पिवळी रेघ. त्या बाजूच्या सहाही घरांची चपलांची स्टँडं, पिंपं, जुने टीव्ही हलवायचे होते. मी नकाशाची गुंडाळी घेऊन दारोदार फिरले. एक काकू पिंप हलवायला तयार नव्हत्या. नकाशात त्यांच्या दारावर त्यांचं आडनाव लिहिलेलं बघितलं आणि विरघळल्या. समोरच्या रांगेला मी हातच लावला नाही. त्यांचं सामान तिकडेच राहिलं, उलट थोडं वाढलं.

पाइप बसला त्या दिवशी बाबा एकटे गेले. दोन दारांच्या मधे पाइप, दारापाशी चौकट, पुन्हा पाइप. पिवळ्या पाइपावर त्यांची डावी मूठ सरकत होती आणि मी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. परत येताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, कौतुकाने धरलाय. मी व्हिडिओ बंद केला होता.

त्यानंतर बाबा पाणी पिऊ लागले. तांब्या रिकामा दिसायचा. आई देवाला नारळ देऊन आली. मी मात्र पुढचे तीन आठवडे घरात असून नसल्यासारखी होते. सकाळी लवकर बाहेर, रविवारी साइट, घरी आले की हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून लॅपटॉप. बाबा उठले, गेले, आले, मला पाठीमागे नुसती हालचाल कळायची. एकदाही वळून बघितलं नाही. कामात होते हे खरं. पण बघायचंच नव्हतं हे जास्त खरं.

सादरीकरणाच्या दिवशी मी कणकेचा वाळलेला वळा टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला. मुठीवाले सर खूश झाले. प्रकाशयोजनेच्या बाईंनी पिवळ्या रंगाचं कौतुक केलं. नाटकाचे सेट लावणाऱ्या बाई मागे बसल्या होत्या. शिवाजी पार्कला राहायच्या, सत्तरीच्या, बोलणं कमी. त्या आम्हाला पहिल्या शनिवारपासून सांगत होत्या की कागदावर चालू नका, जमिनीवर चाला.

त्या उठल्या. उजवा हात ओढणीने कमरेशी बांधून घेतला. वर्गातली बाकं ओळीने डाव्या बाजूला लावून घेतली आणि त्यांच्या कडेवर डावा हात ठेवून, उजवा पाय ओढत, खोलीच्या त्या टोकापर्यंत गेल्या. मग वळल्या. बाकं आता त्यांच्या उजव्या बाजूला होती, बांधलेल्या हाताकडे. डावा हात त्यांनी हवेत तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आता?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, ते व्यवस्थित जातात-येतात, तीन आठवडे झाले, काही तक्रार नाही. माझा आवाज चढला होता. त्यांनी ओढणी सोडली आणि घरी जाऊन एकदा बघ, एवढंच म्हणाल्या. मार्क त्यांनी कापले नाहीत. वर्गात माझा दुसरा नंबर आला. मैत्रिणींनी वडापाव मागितला, मी दिला, आणि तो खाताना मला कशाचीही चव लागली नाही.

चारच्या सुमाराला मी जिना चढले. त्या वेळेला मी कधी घरी नसायचे.

पॅसेजमध्ये बाबा होते. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं आणि ते माझ्यापासून लांब जात होते. उलटे चालत होते. डावी मूठ पिवळ्या पाइपावर, नजर जिन्याच्या उन्हात मिचमिचलेली, आणि पाय एकेक करून मागे. आधी डावा, मग ओढलेला उजवा. दाराची चौकट आली की पाठीमागे हात नेऊन चाचपायचे. समोरच्या दारातल्या काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. मला म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलाय ना तो व्यायाम? चांगलं जमतंय हो त्यांना आता."

मी धावत गेले नाही. तिथेच उभी राहिले. त्यांना मी दिसले तेव्हा ते थांबले, चोरी पकडली गेल्यासारखे. मी जवळ जाऊन विचारलं की पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं. समोरच्या भिंतीलाही लावला असता, एका दिवसाचं काम होतं.

शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"तुझे मार्क जातीत," ते म्हणाले, "म्हणान नाय बोललंय."

आईला माहीत होतं. तिलाही त्यांनी गप्प बसवलं होतं. तीन आठवडे, दिवसातून चार-पाच वेळा, पाठीमागे डोळे नसलेला हा माणूस माझ्या नकाशातली चूक स्वतःच्या पायांनी भरून काढत होता, आणि मी सहा फुटांवर हेडफोन लावून त्याच नकाशाला रंग देत बसले होते. मला लाज वाटली. दिवाळीनंतर पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

"किती पडले?" बाबांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यांनी ओठांच्या चालत्या अर्ध्या भागाने हसून मान हलवली. मी त्यांचा डावा हात धरायला पुढे झाले, पण त्यांनी तो पाइपावरून काढला नाही. अजून दोन दारं राहिली होती. पाइप बरोबर आहे हे मला दाखवायला ती दोन दारं ते माझ्याकडे बघत उलटे चालत गेले.