चालून-दाखव काकू

शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडायला आलेल्या बायका आपापल्या लेकराच्या तोंडाकडे बघतात. कुणी नाक पुसतं, कुणी केस सारखे करतं. काकू मात्र सगळ्याच मुलांच्या पायांकडे बघत उभ्या होत्या. मी तेव्हा पहिलीचा वर्ग सांभाळायचे. मला वाटलं, यांचं काहीतरी पडलंय. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "बाई, तो लाल दप्तरवाला टाच घासत चालतो. बूट मोठ्या भावाचे दिसतायत." होतेही भावाचेच.

बाजारात त्यांचं लहान मुलांच्या बुटांचं दुकान होतं. नवरा गेल्यानंतर गल्ल्यावर धाकटा दीर बसायचा आणि मुलांच्या पायाशी, बुटक्या स्टुलावर, त्या. पोराला बसवून बूट बघणं त्यांना मान्यच नव्हतं. त्याला उभं करायच्या, अंगठा दाबून बोटांपुढे जागा आहे का ते चाचपायच्या आणि म्हणायच्या, "चालून दाखव." पोर दारापर्यंत जाऊन यायचं. बोटं जिथे दुमडतात तिथे बूट वाकला नाही, तर तो कितीही देखणा असो, परत खोक्यात. एखादी आई म्हणायची, "वाढतं वय आहे, चांगला मोठा द्या." त्यावर काकू शांतपणे म्हणायच्या, "मग होडीच घ्या ना, वल्ह्यासकट." मुलांनी त्यांचं नाव चालून-दाखव काकू पाडलं, आणि गावभर तेच झालं.

शाळेनं सगळ्यांसाठी एकसारखे बूट ठरवायचं म्हटलं तेव्हा मुख्याध्यापिकांनी काकूंनाच बोलावलं. दिरानं कारखान्यातून नमुना आणला. हलका, पुढून ऐसपैस, टाचेला नीट धरणारा, बोटांपाशी सहज वाकणारा. काकूंनी तो माझ्या वर्गातल्या मुलांना घालून बाकांमधून चालवलं. "याला माझं नाव द्यायलाही हरकत नाही," त्या हसत म्हणाल्या. दिरानं ते उचलून धरलं. खोक्यांवर छापून घेतलं, काकूंची पसंती.

मग त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. "निवांत राहा वहिनी, इकडची काळजी करू नका," असं दिरानं बजावून पाठवलं. माल त्यांच्या माघारी आला आणि शाळेतच वाटला गेला.

परतल्या त्या दिवशी काकू घरीसुद्धा गेल्या नाहीत. शाळा सुटायच्या वेळी हातातल्या पिशवीसकट फाटकाशी हजर. मीही सोबत उभी होते. मुलं बाहेर पडू लागली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. फरशीवर ठोकळे आपटावेत तशी पावलं पडत होती. त्यांनी एका मुलीला पायरीवर बसवून तिचा बूट काढला. करंगळी लालबुंद झाली होती. काकूंनी बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. तो वाकला नाही. रंग तोच, पट्टा तोच, पण तळ दुसराच, आणि पुढचा भाग निमुळता.

"दुखतं का गं?"

"दुखतं. पण आई म्हणते, काकूंचे आहेत म्हणजे सवय होईल."

काकूंनी मला दुकानापर्यंत चला म्हटलं. दीर गल्ल्यावरच होता.

"आलात वहिनी? नातू काय म्हणतो?"

"भाऊजी, हा मी पसंत केलेला बूट नाही."

"दिसायला तोच आहे की."

"तळ बदललाय. पुढून आवळलाय."

"स्वस्तात पडला. अहो, वर्षाच्या आत लहान होणार ते. पोरांच्या पायाला काय कळतंय?"

"मला विचारायचंत तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असतात," तो म्हणाला. "म्हणून तर तुम्ही जाईपर्यंत थांबलो."

काकू स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "रोज फोन करत होतात. बाळ कसंय विचारत होतात."

"ते मनापासूनच विचारत होतो, वहिनी."

आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवसापासून काकू फाटकाशी उभ्या राहून आयांना ते बूट काढून ठेवायला सांगू लागल्या. "चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका म्हणून घसा कोरडा केला मी. तुम्ही का नाही बघितलंत?"

"तुमचं नाव होतं ना वर," एक आई म्हणाली. "म्हणूनच नाही बघितलं."

दुसरी म्हणाली, "तेव्हा चांगले म्हणालात, आता वाईट म्हणताय. नवीन माल आलाय वाटतं दुकानात?" बाकीच्या हसल्या. ही बाई आजवर आपल्या तिन्ही मुलांना बुटांसाठी काकूंकडेच आणत आली होती.

मुख्याध्यापिकांनी काकूंच्या सांगण्यावरून कुठलेही आरामशीर बूट चालतील अशी सूचना काढली. काहींनी बदलले. बहुतेकांनी नवे बूट वाया कशाला घालवायचे म्हणून वर्षभर तेच घातले.

काकूंनी दुकानात जाणं सोडलं. दीर दोनदा घरी येऊन माफी मागून गेला, पण खोक्यांवरचं नाव काही काढलं नाही. नाव काढलं तर गिऱ्हाईक तुटेल, असं तो म्हणाला. त्याबद्दल काकू माझ्याजवळ एकदाच बोलल्या. "बुटांचं एक सोडा, बाई. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत जायचा. याचे बूट मी बांधून दिलेत."

आता त्या शाळेमागच्या गल्लीतल्या पाळणाघरात काम करतात. तिथे मुलं दिवसभर अनवाणीच असतात.