नसरीनच्या घरचा नकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

मी जालन्याच्या तलावावर मुलींना पोहायला शिकवते. वॉटरपोलोही. नसरीन माझ्याकडे आली तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे वडील, सलीमभाई, बदनापूरला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. पोरीला विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं. सहा वर्षं ती बदनापूरहून रोज येत राहिली. कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळून ती बॉल मारायची, तेव्हा गोलपोस्टमध्ये उभ्या पोरी चक्क डोळे मिटून घ्यायच्या.

मग एक दिवस फोन आला. महिलांच्या वॉटरपोलोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, परदेशात. देशाच्या संघातली एक मुलगी आजारी पडली होती आणि निवड समितीतल्या बाईंना निवड चाचणीत पाहिलेली नसरीन आठवली होती. "घरचे पाठवतील का?" त्यांनी विचारलं.

थांबा, विचारून सांगते — एवढंच म्हणायचं होतं ना मी? सलीमभाईंचा नंबर माझ्याकडे होता. पण मी म्हणाले, "न्हाई हो मॅडम. मुसलमानाचं घर आहे. परदेशात, पोहायच्या कपड्यात... न्हाई पाठवणार."

इतक्या सहज म्हणाले. जसं काही मला माहीतच होतं. सहा वर्षांत त्या माणसानं पोरीला एकदा तरी अडवलं होतं? एकदाही नाही. मंग कशावरून बोलले मी?

एवढ्यावर संपलं असतं तरी — पण नाही, संपलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सलीमभाई तलावावर आले. रुमालात गुंडाळलेला नवा कोरा पासपोर्ट त्यांनी माझ्यापुढे धरला. "मॅडम, काढून ठेवला. बोलावणं आलं तर पोरीचं अडायला नको. आलं का काही?"

तेव्हा फोन फिरवता आला असता. जागा कदाचित रिकामीही असेल — मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर आदल्या दिवशीचं माझं बोलणं उघडं पडलं असतं.

"निवड न्हाई झाली, सलीमभाई."

"कुठं कमी पडली? सांगा ना, बराबर करून घेऊ."

आणि मी — काहीतरी सांगायचं म्हणून — म्हणाले, "शॉट थोडा कच्चा आहे."

शॉट! तिच्याइतका जोराचा शॉट मी आजवर शिकवलेल्या एकाही पोरीचा नाही. पण वडिलांकडून ऐकून नसरीननं ते खरं धरलं. रोज सराव संपल्यावर एकटी शंभर-शंभर शॉट मारायची. मी काठावर उभी राहून बघत होते. ती स्पर्धा तिनं माझ्याच मोबाईलवर पाहिली, खांद्याला बर्फ लावून. म्हणाली, "यांचे हात बघा मॅडम. मी खरंच कमी आहे." पुढच्या वर्षी खांदा गेला. खेळ सुटला.

मागच्या महिन्यात सलीमभाई बाजारात भेटले. नसरीन आता शाळेत गणित शिकवते म्हणाले, बरं चाललंय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही तोंडावर खरं बोलल्या, मॅडम. दुसऱ्या कुणी पोरीला उगंच आशेवर ठेवलं असतं."

मी मान हलवली. त्यांनी दोन चहा सांगितले. मी चहा प्याले.