उंबरठ्यापर्यंत ‘उधाण’

पेणच्या ‘खडक’ या हार्ड रॉक बँडचा शेवटचा कार्यक्रम नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मे महिन्यातल्या एका रविवारी रोह्यात झाला. कार्यक्रम म्हणजे लग्नाची वरात. मी पेणहून त्यांच्याच टेम्पोत बसून गेलो.

बँडमध्ये तिघे. गिटार वाजवणारा आणि गाणारा सुधीर गणपतीच्या कारखान्यात आखणी (मूर्तीचे डोळे रंगवणे) करायचा. बेस गिटारवर त्याचा चुलतभाऊ नंदू. ड्रमवर इरफान. त्याला आखातात नोकरी लागली होती आणि बुधवारी विमान होते. चार वर्षांत बँडने स्वतःचे एकच गाणे रचले होते: ‘उधाण’, लांबी सात मिनिटे. लोकांसमोर ते एकदाही शेवटपर्यंत वाजले नव्हते. रविवारी वाजले नाही, तर पुन्हा संधी नव्हती.

निघण्यापूर्वी सुधीरने कारखाना दाखवला. ‘उधाण’चा पहिला प्रयोग इथेच झाला होता. तिसऱ्या मिनिटाला बेसच्या हादऱ्याने शेजारच्या कारागिराचा हात हलला आणि एक गणपती तिरळा झाला. मालकाने गाणे बंद करायला लावले. त्या वर्षी सुधीरच्या घरी तोच गणपती बसला.

वाटेत गडब गावी चहासाठी थांबलो. रंगाऱ्याने टेम्पोवर ‘खडक बँड पथक, पेण’ असे रंगवले होते. ‘पथक’ त्याने स्वतःहून जोडले होते. टपरीवाल्याने ते मोठ्याने वाचले.

“खाण कुठं हाय तुमची?”

“दगड नाय इकत, काका. बँड हाय,” सुधीर म्हणाला.

“सनई हाय?”

“नाय.”

“मंग लगीन लागतं का तुमच्या बँडानं?”

“आतापर्यंत मोडलं नाय एकबी,” इरफान म्हणाला.

दुसरा प्रयोग याच गावातल्या उत्सवात झाला होता. पाच मिनिटे गाणे ऐकल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केले, “आवाजाची तपासणी पुरे. आता कार्यक्रम सुरू करा.”

दुपारी कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात पोचलो. नवऱ्याच्या घरी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे मिळाले. बँडची सुपारी नवऱ्याच्या काकांनी दिली होती; त्यांनी तिघांना दोनदा मोजले.

“बाकीचे मागून येतात का?”

“एवढेच हाव.”

काकांनी तिघांना लाल टोप्या दिल्या आणि अट घातली: “नवरा-नवरी उंबरठा ओलांडतील, तवा वाजवणं बंद.”

वरात देवळापासून घरापर्यंत. चालत चार मिनिटे. बँड टेम्पोवर, जनरेटरसह. सुधीरने मला घड्याळ बघायला सांगितले आणि ‘उधाण’ सुरू केले. पहिल्या ठोक्याला वऱ्हाडातली दोन माणसे बाजूला झाली, एक म्हातारा नाचू लागला. चौथ्या मिनिटाला वरात दारात होती.

दारात नवऱ्याची थोरली बहीण आडवी उभी होती. ही इथली रीत (दार अडवणे): भावाने आपली होणारी लेक तिच्या मुलाला देण्याचे वचन दिल्याशिवाय ती जोडप्याला आत सोडत नाही.

“लेक देशील का?” तिने विचारले.

“काय?”

“लेक! लेक देशील का?”

“केक? आता केक कुठनं आणू गो?”

पाचवे मिनिट संपले. काका हात हलवत टेम्पोकडे आले. सुधीरचे डोळे मिटलेले होते. इरफान ड्रम न थांबवता ओरडला, “काका, उंबरठा कुठं ओलांडला अजून?”

काकांनी दाराकडे पाहिले. बहीण तिथेच होती. ते जनरेटरजवळ उभे राहिले, पण बटणाला हात लावला नाही.

“तुझी लेक! माझ्या बाळ्याला!” बहीण ओरडत होती.

सात मिनिटे दहा सेकंदांनी शेवटचा ठोका पडला. त्या शांततेत नवरदेवाचा आवाज, अजून तेवढाच मोठा, सगळ्या आळीने ऐकला: “व्हय, व्हय, देतो!”

नवरीने त्याच्याकडे पाहिले. बहीण बाजूला झाली.

संध्याकाळीच आम्ही पेणला परतलो. सुधीर सोमवारी सकाळी आखणीला बसला. इरफान बुधवारी गेला. गणपतीच्या आधी मी कारखान्यात गेलो, तेव्हा इरफानच्या मोठ्या ड्रमवर एक मूर्ती रंग वाळायला ठेवली होती. डोळे सरळ होते.