नाथाजी हवालदारांची मूळ किल्ली

माझ्या क्लासात चुका सगळेच करतात, पण छाती पुढे काढून चुका करणारे एकटे नाथाजी मोहिते. वय पंचेचाळीस, सैन्यात सिग्नल्समध्ये हवालदार होते. कडेगावात स्टँडमागे माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पहिल्या दिवशी ते कडक इस्त्रीच्या शर्टात, प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन हजर झाले. मी मूळ दाखला मागितला, तर तो हातातच धरून मला दुरून दाखवला.

"मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "एकदाच दिला व्हता. दोन वर्सं त्याच्या मागं फिरलो."

सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकण्यामागे त्यांची विहीर होती. नाथाजी, त्यांचे चुलते तात्याबा आणि बांधाशेजारचा गुंडा, या तिघांची ती सामायिक. एक दिवस एकाच्या उसाला पाणी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. लाईट आठच तास, तीही कधी दिवसा, कधी अपरात्री. सत्तरीचे तात्याबा बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला जायचे. नाथाजींना असं यंत्र बसवायचं होतं की ते पाळीचा आकडा लक्षात ठेवील आणि ज्याची पाळी त्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडील. माणूस जिद्दीचा. अठरा-अठरा वर्षांच्या पोरांत पहिल्या बाकावर बसायचे आणि तासभर आधी यायचे.

मग फंक्शन आणि पॉइंटरचा धडा आला. मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, "फंक्शन म्हणजे एक काम नेमून दिलेला गडी. त्याला नुसता आकडा दिलात, तर त्याला मिळते ती झेरॉक्स. त्यानं तिच्यावर काहीही खोडाखोड केली तरी तुमचा मूळ आकडा तसाच राहतो. मूळ बदलायचा असेल तर तो जिथे ठेवलाय तिथला पत्ता द्या. तो पत्ता ज्यात ठेवतात, तो पॉइंटर."

"मग झेरॉक्सच बरी की!" नाथाजी म्हणाले.

वर्ग हसला, मीही हसले. तिथेच माझं चुकलं. ते चेष्टा करत नव्हते.

एप्रिलात यंत्र बसलं. पेटीला कुलूप लागलं. तात्याबांना आणि गुंडाला एकेक डुप्लिकेट किल्ली मिळाली, मूळ किल्ली नाथाजींच्या करदोट्याला. पहिली पाळी त्यांच्या स्वतःच्या उसाची लावून ते मेव्हणीच्या लग्नाला लोणंदला गेले. जाताना मला फोन केला, "मॅडम, आता बिनघोर."

चार दिवसांनी परतले तेव्हा त्यांच्या उसात चिखल होता आणि तात्याबांच्या नव्या लागणीची पानं वळली होती. चारही दिवस यंत्रानं पाणी एकट्या नाथाजींना दिलं होतं. किल्ल्या दोघांकडे होत्या, पण पेटीतल्या तारांना हात लावायची छाती कुणाला झाली नव्हती. आता हे कोण खपवून घेईल? भर चावडीवर तात्याबा म्हणाले, "नाथा, पाणी मागितलं असतंस तर दिलं असतं रं. मशिनीच्या आडून कशाला घेतलंस?"

सैन्यातली बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्याला गाव पाणीचोर म्हणू लागलं. नाथाजी एवढंच बोलले, "शनिवारपासनं पाळी बरोबर फिरंल. न्हाई फिरली तर पेटी माज्या हातानं फोडीन."

ते तसेच माझ्याकडे आले. प्रोग्रॅम बघितला आणि माझं डोकं फिरलं. पाळी बदलणाऱ्या फंक्शनला त्यांनी पत्ता दिलाच नव्हता.

"आवं, पण मी तपासलं व्हतं. एकाचा दोन झाल्याला दिसला की!"

"कुठे दिसला? फंक्शनच्या आत! बाहेर येऊन बघितलंत?"

नाही बघितलं. आत झेरॉक्सवर दोन, बाहेर मूळ आकडा एकच, आणि एक म्हणजे नाथाजींचं रान. मी चिडून म्हणाले, "काका, ही चूक सीची नाही, तुमच्या स्वभावाची आहे. मूळ हातचं सोडायचंच नाही!" बोलून गेले आणि वाईट वाटलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पत्ता दिला, त्या पत्त्यावरचा आकडा घ्यायची ताऱ्याची खूणही लावली, पण तिच्याभोवतीचा कंस विसरले. त्यामुळे पाळी वाढायची सोडून पत्ताच एक घर पुढे सरकला. कंस घातला. मग बाहेर येऊन आकडा छापला. एक, दोन, तीन, पुन्हा एक. तीसदा छापून बघितला आणि मगच पाणी प्यायले.

शनिवारी मीही गेले. राहवलंच नाही. पहिली पाळी तात्याबांची लावली होती, तिचं काही विशेष नव्हतं. खरी परीक्षा रविवारची. त्या दिवशी मी पुन्हा गेले; लाईट दहाला येणार होती. आम्ही सगळे विहिरीवर उभे. मोटर सुरू झाली आणि कुणी हात न लावता गुंडाचा व्हॉल्व्ह उघडला. सरीतून पाणी धावलं. गुंडानं शिट्टी मारली. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

नाथाजी हसले नाहीत. तात्याबांसमोर जाऊन म्हणाले, "तात्या, मशीन खोटं न्हवतं आन् मीबी न्हवतो. पर चूक माजीच. मी चार दिस एकट्यानं पाणी घेतलं, आता माज्या चार पाळ्या तुमी दोघं घ्या."

मग करदोट्याची मूळ किल्ली सोडून त्यांनी तात्याबांच्या हातावर ठेवली.

तात्याबांनी ती कनवटीला लावली. मग आपली किल्ली खिशातून काढून त्यांनी नाथाजींच्या हातात दिली.

"घे," ते म्हणाले. "आता डुप्लिकेट तुज्याकडं."